टोलच्या आधी

१

लिफाफ्याच्या तोंडावर चिकटपट्टी होती आणि चिकटपट्टीवरून खंडेराव सरांची आडवी सही होती. ती सही आता मधोमध चिरली होती. 'खंडे' एकीकडे, 'राव' दुसरीकडे.

प्रतिभा आहेर यांनी लिफाफा उचलला, खालीवर करून पाहिला आणि पुन्हा टेबलावर ठेवला. बी.एड. कॉलेजात शिकवायला लागून त्यांना एकोणीस वर्षं झाली होती, पण आवाज चढवायची सवय काही लागली नव्हती.

"हा कुणी उघडला, मॅडम?"

"मी," मुख्याध्यापिका भाग्यश्री मॅडम म्हणाल्या. "काल संध्याकाळी. शाळेतून काही बाहेर जाणार असेल तर आत काय आहे ते मला माहीत नको?"

नाशिकरोड मागे टाकून पुण्याच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला, कोबी-फ्लॉवरच्या वाफ्यांमध्ये ही शाळा होती. पाटीवरचं लांबलचक नाव कुणी घेत नसे, सगळे मळ्यातली शाळाच म्हणत. मंगळवारी प्रतिभाताईंनी इथे नववीच्या दोन्ही तुकड्यांना एक मापनी भरायला दिली होती. चोवीस विधानं, प्रत्येकापुढे पाच चौकटी, 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत. शाळेतली मारामारी, दमदाटी, छडी, याकडे चौदा-पंधरा वर्षांची मुलं कोणत्या नजरेनं बघतात, ते मोजायचं. शेवटी थोडी मोकळी जागा होती: 'शाळेत घडलेला, मनातून न जाणारा एखादा प्रसंग लिहा.' नाव लिहायचं नाही, फक्त वय.

"तुमचा कागद माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही," असं त्यांनी दोन्ही वर्गांत उभं राहून सांगितलं होतं. 'अ' तुकडीवर त्या स्वतः थांबल्या, 'ब' तुकडीवर खंडेराव सर. सुटायच्या वेळी पाऊस कोसळत होता, स्कूटीवर कागद भिजतील म्हणून लिफाफे शाळेच्याच कपाटात राहिले. आज बुधवार. शब्द एक दिवसही टिकला नव्हता.

भाग्यश्री मॅडमनी प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून एक कागद काढून पुढे सरकवला. "हे वाचा, मग बोला."

अक्षर छापील होतं, एकेक सुटं.

'टोलच्या आधी सरांनी मला बाजूला घेतले. कानाखाली मारली. मी पडलो. सर म्हणाले, घरी सांगशील तर दाखला हातात देईन. मी सांगितले नाही. त्या कानाने मला नीट ऐकू येत नाही. हे मी पहिल्यांदाच लिहीत आहे.'

वरच्या चौकटीत वय होतं: १४.

"फैजान," मॅडम म्हणाल्या. "वडिलांचं हायवेच्या टोलनाक्याजवळ पंक्चरचं दुकान आहे. आमचे पीटीचे दीपक सर सिन्नरहून येऊन-जाऊन करतात, ते त्याला रोज मोटारसायकलवरून घरी सोडतात. टोलच्या आधी गाडी बाजूला घेतली नि मारलं, असं म्हणायचंय त्याला. आठवडाभर पोरगं कानात कापूस घालून येतंय. आणि टोलच्या बाजूनं येणारा वर्गात दुसरा कुणी नाही."

"दीपक सर काय म्हणतात?"

"हात लावला नाही म्हणतात. मी त्यांना तीन वर्षं बघतेय, ते खोटं बोलणार नाहीत. शनिवारी बारा वाजता संस्थेची बैठक आहे, अध्यक्ष चिमाजी अण्णा स्वतः येणारेत. पोरानं खोटं लिहिलं म्हणून लेखी माफी मागितली तर ठीक, नाहीतर दाखला. लिहून तयार आहे, सही तेवढी राहिलीय."

"आणि त्यानं लिहिलंच नसेल तर?"

"मग कुणी लिहिलं ते सांगा. माझी काही हरकत नाही."

प्रतिभाताईंनी बाकीचे कागद पुढ्यात ओढले आणि अंगठा ओला करून मोजायला घेतले. एकदा मोजले. मग दुसऱ्यांदा, हळू.

मंगळवारी नववी 'ब'मध्ये अडतीस मुलं हजर होती. फोल्डरमधला धरून भरलेले कागद एकोणचाळीस होते.

२

"चाळीस कागद दिले होते," प्रतिभाताई म्हणाल्या. "अडतीस मुलं, म्हणजे दोन कोरे परत यायला हवेत. एकच आलाय."

भाग्यश्री मॅडमनी खांदे उडवले. "मग सोपंच झालं की. एकानं दोन भरले. कागद वाटले कोणी माहितीय? फैजाननं. त्या दिवशी तोच मॉनिटर होता."

प्रतिभाताईंनी गठ्ठा पिशवीत टाकला, फोल्डरमधला कागदही मागून घेतला. "कागद माझे आहेत. कपाटात ठेवायची चूकही माझीच. शनिवारपर्यंत मला बघू द्या."

बाहेर व्हरांड्यात शाळेच्या शिपाई नवसाबाई किटली घेऊन उभ्या होत्या. पंचवीस वर्षं याच शाळेत गेलेली बाई. पदर खोचलेला, कपाळाला ठसठशीत कुंकू.

"बसा ना बाई, च्या घ्या. टोल व्हायला येळ हाय अजून."

"नको, नवसाबाई. तो लिफाफा वर्गात तुम्हीच नेला होता ना?"

"मीच नेला, मीच आणला. चिकटवलेला व्हता. मी कशाला उघडू, मला काय त्यातलं वाचता येतंय? सही करते तेवढी. ती बी घाई नसंल तं."

"वर्गात पूर्ण वेळ खंडेराव सरच होते?"

"मधी गोळी घ्यायला आल्ते खाली, धा मिनटं. तवा दीपक सर हुबे व्हते." नवसाबाईंनी आवाज खाली आणला. "लय चांगलं पोरगं हाय ओ ते फैजान. माझ्या हातनं किटली घेतं. त्याला काढतेत व्हय?"

इतक्यात डोक्यावरची इलेक्ट्रिक घंटा कर्कश वाजली आणि पोरांचा लोंढा व्हरांड्यात आला. प्रतिभाताई भिंतीला सरकल्या.

तर कोऱ्या कागदापाशी चार माणसं पोचू शकत होती. कागद वाटणारा फैजान, वर्गावरचे खंडेराव सर, दहा मिनिटांचे दीपक सर आणि लिफाफा नेणाऱ्या नवसाबाई. पैकी नवसाबाईंना लिहिता येत नव्हतं आणि दीपक सर स्वतःवरच आळ घेणारा कागद कशाला लिहितील?

राहिले दोघे. आणि कागदावर वय लिहिलेलं होतं चौदा.

३

गुरुवारी दीपक सर मैदानात भेटले. ते चुन्यानं रेघा मारत होते, बोलतानाही थांबले नाहीत.

"मॅडम, मी कंत्राटावर आहे. जूनला पुन्हा ऑर्डर निघाली तर मी सर, नाही निघाली तर घरी. असा माणूस पोरावर हात टाकेल?"

"रागावला होतात त्याला?"

"रागावलो. केसांवरून. बाजूनं सगळं साफ नि वर हे एवढं टोपलं. म्हटलं, अरे फैजान, डोक्यावर फ्लॉवर लावलाय का? वर्ग हसला. तेवढंच." चुन्याची रेघ वाकडी गेली, ती त्यांनी पायानं पुसली. "रोज सोडतो हो मी त्याला घरी. बसचे हाल होतात म्हणून. आणि त्यानं असं लिहावं."

"दाखला देईन, असं म्हणाला होतात?"

"मी?" ते पहिल्यांदा सरळ उभे राहिले. "मला साधा वर्गाचा कॅटलॉग घरी न्यायची परवानगी नाही. मी कुणाला दाखला देणार?"

हे वाक्य प्रतिभाताईंनी मनात ठेवलं.

खंडेराव सर शिक्षक-खोलीत वह्या तपासत बसले होते. मराठी शिकवायचे, याच शाळेत शिकलेले, इथेच लागलेले. निवृत्तीला सात महिने उरले होते. प्रतिभाताई त्यांच्या डाव्या बाजूच्या खुर्चीत बसल्या, तसे ते उठले आणि स्वतःची खुर्ची टेबलाच्या दुसऱ्या बाजूला घेऊन गेले.

"तिरीप येते हो तिथे डोळ्यांवर. हं, बोला."

नवसाबाईंनी न विचारता दोघांत एक केळं आणि शेंगदाण्याचा लाडू आणून ठेवला. बाईंचा गुरुवार असतो हे त्यांना पहिल्याच भेटीत कळलं होतं.

"कोरे कागद कुठे होते, सर?"

"टेबलावर. माझ्या चष्म्याच्या डबीखाली."

"फैजान तिथे आला होता?"

"वाटून झाल्यावर उरलेले ठेवायला आला. मग जागेवर जाऊन बसला." सरांनी पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "त्याचं काय होणार?"

"माफी नाही मागितली तर दाखला. नववीत, अर्ध्या वर्षात. दुसरी शाळा कोणती घेईल त्याला?"

खंडेराव सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर आभाळ भरून आलं होतं, मळ्यातला कोबी काळपट दिसत होता.

"तुम्ही हे मोजता म्हणजे नेमकं काय करता, बाई?"

"प्रत्येक टिकेला गुण असतात. पाच, चार, तीन असे. बेरीज करायची. बेरीज जास्त म्हणजे मारणं त्या मुलाला गैर वाटत नाही."

"आणि एखाद्यानं आधी एकीकडे टिक केली, मग खोडून दुसरीकडे?"

"शेवटची धरायची."

"बरंय ते," सर म्हणाले.

फैजानच्या घरचा पत्ता हवा होता. सरांनी जुन्या वेळापत्रकाच्या पाठकोऱ्या तुकड्यावर कार्यालयाला चिठ्ठी लिहून दिली. वर मधोमध बारीक 'श्री', खाली दोन ओळी, खाली सही. तीच सही जी लिफाफ्यावर चिरली होती.

व्हरांड्यात आल्यावर प्रतिभाताईंनी फोल्डरमधला तो कागद पुन्हा उघडला. सातवं विधान होतं, 'शिक्षकांनी मारल्याशिवाय मुले सुधारत नाहीत.' तिथे 'पूर्ण सहमत'वरची टिक दोन रेघांनी खोडली होती आणि नवी टिक 'पूर्ण असहमत'वर होती. अख्ख्या कागदावर खाडाखोड तेवढीच.

सरांनी नेमकं त्याबद्दल विचारलं होतं. कागद त्यांनी पाहिला असेल का?

४

नाशिकमधल्या द्वारका चौकात ट्रकांनी अर्धा तास खाल्ला. टोलनाक्यापर्यंत पोचायला शुक्रवारचे दुपारचे चार वाजले. फैजानच्या वडिलांचं, नजीरभाईंचं दुकान नाक्याच्या पलीकडे शंभर पावलांवर होतं. ते एका टेम्पोखाली आडवे झालेले, फक्त पाय दिसत होते. मागच्या खोलीत फैजानची आई जहिदा शिलाई मशीनवर बसली होती. बुधवारी ऑफिसातून घरी पाठवल्यापासून फैजान शाळेत गेला नव्हता.

"मॅडम, मेरा बच्चा खोटं नाही बोलत," जहिदा म्हणाली. मशीन तिनं थांबवलं नाही. "शैतानी करतो, बहुत करतो. पण खोटं नाही बोलत. माफी मागायची तर कशाची मागायची? जे केलं नाही त्याची?"

"कानाला काय झालं?"

"पाणी गेलं," फैजान म्हणाला. "विहिरीत उडी मारली होती. कान फुटला. अम्मीनं मारलं, ते वेगळं."

"दीपक सरांनी?"

"सर? सर फक्त बोलतात. फ्लॉवर म्हणाले मला." तो किंचित हसला, मग हसू आवरलं. "मॅडम, ते लिहिलेलं मी वाचलं. ऑफिसात दाखवलं. सात लाइन आहेत. मी मराठीच्या पेपरात सात लाइन नाही लिहीत, तिथं तर मार्क असतात."

"मग तू काय लिहिलंस?"

"एक लाइन. वर्गात पंखा नाही, बसवा. तुम्ही म्हणालात मनातून न जाणारं लिहा. तेच मनात होतं."

"मी तुझा कागद शोधला तर चालेल?"

त्यानं आईकडे पाहिलं. "शोधा."

पंख्याचा कागद गठ्ठ्यात होता. पण एकानं दोन भरले म्हणणाऱ्यांना तो दाखवून काही उपयोग नव्हता.

"दीपक सर तुला कुठे उतरवतात? टोलच्या आधी?"

"आधी कशाला? दुकान तर टोलच्या नंतर आहे. इथं दारात सोडतात. बेल झाली की सर गाडी काढतात, मी मागं बसतो, टोल क्रॉस केला की घर."

बेल झाली की. प्रतिभाताई पिशवीचे बंद बांधता बांधता थांबल्या. बाहेर नाक्यावर हॉर्नचा गोंगाट चालला होता. त्यात त्यांना किटली घेऊन उभ्या असलेल्या नवसाबाईंचं परवाचं बोलणं आठवलं. टोल व्हायला येळ हाय अजून.

"फैजान, शाळेत घंटा वाजते त्याला तुम्ही मुलं काय म्हणता?"

"बेल."

"टोल कुणी म्हणत नाही?"

त्यानं हातानं बाहेर दाखवलं. "टोल तो आहे ना, मॅडम. समोर."

५

शनिवारी सकाळी आठलाच त्या शाळेत हजर झाल्या. नवसाबाई वर्ग झाडत होत्या.

"नवसाबाई, टोल कुठंय हो तुमचा?"

"अगं बया. टोल इचारणारं लय दिसांनी भेटलं." झाडू भिंतीला लावून त्यांनी बाईंना शौचालयामागे नेलं. तिथे हातभर लांबीचा रेल्वेच्या रुळाचा तुकडा पडला होता, गंजलेला, एका टोकाला भोक. "मनमाडहून आनला व्हता म्हणतेत, शाळा झाली तवा. चिंचंला टांगायचा. लोखंडी गज घेऊन मी ठोकायची. एका ठोक्यात वस्तीवरली गुरं मान वर करायची. बारा वरसं झाली, ते बटनाचं आलं नि ह्याला हितं टाकला. चिंच बी तोडली. माझ्या तोंडातनं अजून टोलच येतंय."

"अजून कुणाच्या तोंडातून येतो?"

"जुनं माणूस ऱ्हायलंय कोन? मी आन खंडेराव सर."

"तुमच्या भाग्यश्री मॅडमच्या आधी मुख्याध्यापक कोण होतं?"

"त्याच्या आधी बी बाईच. आन त्याच्या आधी मंग चिमाजी अण्णा, पार रिटायर होस्तोर."

प्रतिभाताईंनी रिकाम्या वर्गात बाकावर बसून पिशवीतले कागद काढले. एकोणचाळीसच्या एकोणचाळीस एकावर एक ठेवले आणि गठ्ठा उभा धरून खालची कड बाकावर ठोकली. खालून सगळे एका ओळीत आले. वरून एक कागद आत राहिला. बोटभर कमी भरत होता. वरची कोरी पट्टी फुटपट्टी लावून, अगदी सरळ, फाडून काढलेली.

आता त्यांना आणखी काही विचारायचं नव्हतं.

टोल म्हणजे घंटा. लिहिणाऱ्याच्या शाळेत घंटा लोखंडाची होती. मारणारे 'सर' होते आणि दाखला हातात देण्याची ताकद असलेले, म्हणजे मुख्याध्यापक. इथे मुख्याध्यापक 'सर' म्हणून शेवटचे चिमाजी अण्णा. लिहिणारा 'पडलो' म्हणतो, म्हणजे पुरुष. कानानं अधू. गुरुवारी आभाळ भरलेलं होतं, तिरीप कुठून येणार? खंडेराव सरांनी खुर्ची हलवली ती उजवा कान पुढे यावा म्हणून. आणि कुठल्याही कागदावर पेन टेकायच्या आधी ज्याचा हात आपसूक वर 'श्री' लिहितो, त्याच्यावर लिहून झाल्यावर ती पट्टी फाडायची पाळी येते.

वय तेवढं चुकीचं होतं. की नव्हतं?

६

खंडेराव सर शिक्षक-खोलीत एकटेच होते. प्रतिभाताई मुद्दाम त्यांच्या डाव्या बाजूनं आल्या आणि नेहमीच्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "सर, टोल झाला का?"

सरांनी वहीचं पान उलटलं.

त्या फिरून उजवीकडे गेल्या. "सर, टोल झाला का?"

त्यांचं पेन थांबलं.

"कधी कळलं?"

"तासाभरापूर्वी."

"मुलं लिहीत होती," सर म्हणाले. "खाली माना घालून, मन लावून. मी निबंध लिहायला सांगतो तेव्हा अशी कधी लिहीत नाहीत. टेबलावर दोन कोरे कागद होते. म्हटलं, बघू तरी काय विचारलंय. चोवीस टिका केल्या. मग ती मोकळी जागा आली." त्यांनी चष्मा काढला. "कुणी वाचणार नाही म्हणाला होतात तुम्ही."

"म्हणाले होते. तुम्हालाही तो शब्द लागू आहे. बैठकीत मी तुमचं नाव घेणार नाही. टोल म्हणजे घंटा, एवढंच सांगेन. पण त्यांना ते पटेलच असं नाही. अण्णांना तर पटून घ्यायचंच नसेल. दाखला लिहून तयार आहे."

"मला सात महिने राहिलेत, बाई. पेन्शनच्या कागदांवर अण्णांची सही लागते."

डोक्यावर बेल वाजली. खंडेराव सर दचकले नाहीत. ते त्या बेलकडे नुसते बघत राहिले.

७

बाराला बैठक बसली. चिमाजी अण्णा त्र्याऐंशीचे, पांढराशुभ्र शर्ट, गुडघ्यांमध्ये काठी. भाग्यश्री मॅडमसमोर दाखला होता. दाराशी जहिदा आणि फैजान, त्यांच्यापासून चार हात लांब दीपक सर. फैजानच्या कानात आता कापूस नव्हता.

प्रतिभाताईंनी सांगितलं. चाळीस कागद, अडतीस मुलं, टोल आणि बेल. कंत्राटावरचा शिक्षक दाखला कसा देईल, हेही सांगितलं.

"घंटेला टोल आम्हीही म्हणायचो," अण्णा म्हणाले. "त्यानं काय ठरतं? पोरं हुशार असतात, कुठून तरी ऐकलं असेल. कुणी लिहिलं ते सांगा, नाव सांगा."

"नाव मी सांगू शकत नाही. शब्द दिलाय."

"मग भाग्यश्रीबाई, करा सही."

मॅडमनी पेन उचललं. पण ते कागदावर टेकेना. त्यांची नजर फैजानवरून दीपक सरांकडे आणि तिथून पुन्हा दाखल्याकडे फिरली.

"मी लिहिलं," खंडेराव सर म्हणाले.

ते मागच्या भिंतीपाशी उभे होते. पुढे आले आणि अण्णांच्या समोर, त्यांच्या विद्यार्थ्यासारखेच, हात मागे बांधून उभे राहिले.

"ब्याऐंशी साली, अण्णा. मी नववीत. फळा पुसायची पाळी माझी होती, मी विसरलो. शेवटच्या टोलाच्या आधी तुम्ही मला चिंचेखाली नेलंत."

अण्णांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "मला आठवत नाही."

"तुम्हाला नसेल आठवत. म्हणूनच लिहून ठेवलं."

"तेव्हा सगळेच मारायचे, खंडू."

"हो. पुढे मीही मारलं. तीस वर्षं. सातव्या विधानावर मी आधी पूर्ण सहमत केलं होतं. मोकळी जागा भरून झाल्यावर मागे आलो आणि खोडलं." मग ते फैजानकडे वळले. "तुझं नाव निघालं तेव्हाच बोलायला हवं होतं. चार दिवस गप्प बसलो. मला सवयच आहे त्याची. ती तुला लागायला नको."

"ठीक आहे, सर," तो म्हणाला. जहिदानं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

भाग्यश्री मॅडमनी लाल पेन घेतलं, दाखल्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी रेघ मारली आणि रेघेवर 'रद्द' लिहिलं. खाली सही केली, तारीख घातली. चिमाजी अण्णा काठी टेकत उठले. कुणी हात द्यायला पुढे झालं नाही, मग खंडेराव सरच झाले. अण्णा काही बोलले असावेत, पण ते सरांच्या डाव्या बाजूला होते.

बाहेर दीपक सरांनी मोटारसायकल काढली. "काय रे फ्लॉवर," ते म्हणाले, "सोमवारी येतोस ना?" आणि मग घाईघाईनं, "फैजान म्हणजे."

"फ्लॉवर चालेल, सर. पण मग मी पण तुम्हाला काहीतरी म्हणणार."

प्रतिभाताई स्कूटीपाशी पोचल्या तेव्हा खंडेराव सर मागून आले. आठवणीनं प्रतिभाताईंच्या डाव्या हाताला उभे राहिले, उजवा कान त्यांच्याकडे येईल असे.

"माझा कागद धरणार ना मोजणीत?"

"नाही धरता येत, सर. वयोगट चौदा ते सोळा आहे."

"वय लिहिलंय मी," ते म्हणाले. "बघा तुम्ही."

रविवारी प्रतिभाताईंनी पूजा आटोपून तक्ता करायला घेतला. नववी 'ब', एकूण कागद अडतीस. बेरजा मांडल्या, सरासरी काढली. मग तक्त्याखाली एक रेघ ओढून तळटीप लिहिली: 'याशिवाय एक कागद. विधान सात: पूर्ण असहमत. वय: चौदा, त्रेचाळीस वर्षांपासून.'

एवढं लिहून त्यांनी ती वाचली, आणि खोडली नाही.